मशीनला मीठ लागेल

“आधी पाय धुऊन ये. मशीनला मीठ लागेल.”

कामाचा पहिला दिवस होता माझा. पेणच्या बाजारामागे एका माडीवर कॉम्प्युटरची खोली. नव्वदच्या दशकाची सुरुवात. तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून कुणी जात नसे. देवघरासारखंच होतं ते. काचेचं दार, आत एसी, मशीनवर झाकण, दसऱ्याला झेंडूचा हार. दाराबाहेर सगळ्यांचे बूट, चपला. मीही माझ्या स्लिपर काढल्या. माझ्यापुढे दोन मुलगे आत गेले. पायांत मोजे. त्यांना कुणी अडवलं नाही. मी उंबऱ्यावर पाय ठेवला आणि साहेबांची नजर खाली गेली.

माझे पाय. टाचा चिरलेल्या. चिरांत पांढरं. बोटांच्या बेचक्यांत सोललेलं कातडं. नोकरी लागेपर्यंत तो सगळा उन्हाळा मी मिठागरात टोपल्या वाहिल्या होत्या. खाऱ्या पाण्यात उभं राहिलं की पाय असेच होतात. आमच्या गावात सगळ्यांचेच तसे. आपले पाय कसे दिसतात याचा मी कधी विचारच केला नव्हता.

साहेब रागावून बोलले नाहीत. हे मुद्दाम सांगते. हसून बोलले, मायेनं म्हणावं तसं. रागावले असते तर मला चीड तरी आली असती. माडीवर मोरी होती, तिथे बादली आणि तांब्या. मी पाय धुतले, ओढणीला पुसले आणि आत गेले. ते दोघे खुर्च्या ओढून बसले होते. माझ्या पायांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी बादली मोरीतून उठून दाराशी आली होती. कुणी आणून ठेवली, मला माहीत नाही. कुणासाठी ठेवली, ते कळत होतं.

साहेब म्हणजे आमच्या शिलोत्र्यांचा मुलगा. मिठागराच्या मालकाला आमच्याकडे शिलोत्री म्हणतात. त्यांच्या आगरात माझा बाप राबला, त्याच्या आधी आजा राबला. भरतीला खाडीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवायचं, उन्हानं आटवायचं, मीठ धरलं की ओढायचं. त्यांच्या घरातल्या कुणाचा हात त्या मिठाला लागला नाही. मुलं शिकली. डॉक्टर झाली, प्राध्यापक झाली. हे साहेब इंजिनीअर झाले, मुंबईत नोकरी करून परत आले आणि पेणला कॉम्प्युटरची कंपनी काढली. कंपनी म्हणजे ती एक खोली आणि आम्ही.

मी गणित घेऊन बी.एस्सी. झाले होते. आमच्या खाडीकाठच्या गावातली पहिली मुलगी. वर कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. नोकरीसाठी बापानं साहेबांच्या वडिलांना गळ घातली. ते म्हणाले, पोरीला घेऊ, पण खाल्ल्या मिठाला जागायचं. बापानं मान डोलावली. मीठ काढलं आम्ही, खाल्लं त्यांनी, आणि जागायचं आम्हीच. हे मला आज सुचतं. तेव्हा बापाशेजारी उभी राहून मीही मान डोलावली.

त्या घराच्या ओटीखाली, पायरीच्या बाजूला एक दगडी डोण होती. पाण्यानं भरलेली. आगरातून येणारा माणूस त्या पाण्यानं पाय धुऊनच मालकासमोर उभा राही. ओटीवर चढायचं नसलं तरी. नुसता निरोप सांगून परत जायचं असलं तरी. कुणी सांगत नसे. सांगायची गरजच उरली नव्हती. डोण दिसली की बापाचा हात आपोआप पाण्यात जाई.

आणि मी साहेबांच्या त्या वाक्यावर विश्वास ठेवला. लोकांना हे खरं वाटत नाही. गणित शिकलेली मुलगी, आणि एवढं कसं कळलं नाही? पण माझ्या बाजूनं बघा. आमच्या अंगावर मीठ असतंच. घाम वाळला की सदऱ्यावर पांढरे नकाशे उमटतात. मीठ लोखंड खातं, हेही खोटं नाही. आमच्या घरातली विळी, कोयता, दाराची कडी, सगळं गंजलेलं. मग मशीन का नाही गंजणार? काम करून उठले की मी कीबोर्डवर वाकून बघायची. बटणांवर पांढरं काही राहिलंय का. कुणी बघत नाही असं पाहून ओढणीच्या टोकानं पुसायची. जेवणाच्या सुट्टीत हात धुवायची, चहा झाला की धुवायची. हात फुटले माझे धुऊन धुऊन. फुटले म्हणून अजून भीती. चिरांत मीठ बसतं ना.

एकदा आईला विचारलं, आये, माझ्या हातातून मीठ येतं का गो? ती भाकरी थापत होती. म्हणाली, “येनारच. मीठ नाय तं मानूस कसला?” तिला चेष्टा वाटली. मी उठून पुन्हा हात धुतले.

पुढे पगारातून मोजे घेतले. पांढरे, चांगले. ते घालून खोलीत शिरले तर साहेब म्हणाले, “मोज्याच्या आत पाय तेच ना गं?” सगळे हसले. मी मोजे काढले, पिशवीत ठेवले, बादलीपाशी गेले. ते मोजे पुन्हा घातले नाहीत.

एवढं होऊन मी तिथे का राहिले? कामासाठी. त्या कामानं मला धरून ठेवलं होतं.

सुरुवातीला मी नुसती नावं आणि आकडे भरत होते. मग प्रोग्राम लिहायला लागले. ते दोघे मुलगे माझ्यापेक्षा भराभर लिहायचे, नाकारत नाही. पण गिऱ्हाइकाचा माल कुठून येतो, कुठे थांबतो, कुणाच्या सहीवाचून अडतो, एका खात्याचं दुसऱ्याला का कळत नाही, हे सगळं एका जागी धरून बघायचा त्यांना कंटाळा येई. मला तेच आवडे. मोठा कागद पसरायचा. चौकोन काढायचे. चौकोनांना रेघांनी जोडायचं. कुठली माहिती कुठल्या मशीनवर जन्मते, पुढे कुणाकडे जाते, कुठे अडवायची, कुठे सोडायची. बाप बांधातल्या उघाडीची फळी उचलून पाणी पुढच्या वाफ्यात सोडायचा, तसंच वाटे मला. साहेब त्याला चित्रं म्हणत. “तिला चित्रं काढू दे,” आणि मग तीच चित्रं घेऊन गिऱ्हाइकाकडे जात.

एका इंग्रजी मासिकात मी तो शब्द पहिल्यांदा वाचला. सोल्यूशन आर्किटेक्ट. खाली लिहिलं होतं, हा माणूस प्रोग्राम लिहितोच असं नाही, अख्ख्या व्यवस्थेचा आराखडा करतो. मी ते पान घरी नेलं. म्हणजे मी करते त्याला नाव आहे. जगात कुणाला तरी त्याचा पगार मिळतो. मला ते व्हायचं होतं. दुसरं काहीही नाही, तेवढंच.

मग रोह्याचं काम आलं. धाटावच्या बाजूचा रसायनांचा एक कारखाना. गेटवरचा वजनकाटा, स्टोअर, लॅब, डिस्पॅच, जिथे तिथे वेगळा कॉम्प्युटर, आणि एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. सगळी मशीनं एका जाळ्यात आणायची होती. साहेबांनी मला बोलावून सांगितलं, आराखडा तू कर. रोह्यात नीट चाललं तर त्यांचं मुंबईचं ऑफिस बाकीच्या कारखान्यांचं काम आपल्याला देईल. मग त्या सगळ्यांची आखणी तुझ्याकडे. तुझ्या खुर्चीला नाव देऊ, तुला हवं ते.

मी जीव ओतला. पेणहून एसटीनं नागोठणे, खांब, कोलाड करत रोहा. शिफ्टच्या माणसांबरोबर गेटातून आत. वजनकाट्यावर बसले, डिस्पॅचवाल्यांबरोबर ट्रकामागे फिरले. आराखडा झाला. त्यात मुख्य मशीनची खोली मी गेटाजवळच्या जुन्या गोदामात दाखवली होती. साहेबांनी ती खोडली आणि मॅनेजरच्या केबिनला लागून घेतली. तिथे शोभते म्हणाले. खोलीच्या मागे ॲसिडच्या टाक्यांचं आवार होतं. खोलीचा आणि केबिनचा एसी तिकडूनच हवा घेई. मी बोलून बघितलं. पाहुण्यांना खोली दिसली पाहिजे, म्हणाले.

खोली तयार झाली त्या दिवशी मी गेले, तर दाराशी बादली. माझ्याआधी रोह्याला पोचली होती. साहेबांनी शिपायाला सांगून ठेवलं होतं.

त्याच खोलीपाशी एकदा बाप आला. अष्टमीला आमचे एक सोयरे राहत, त्यांच्याकडे काही कार्य होतं. ते उरकून पूल ओलांडून रोह्याला आला आणि तिथून चौकशी करत करत कारखान्यात पोचला. लेक कुठे काम करते ते एकदा बघायचं होतं त्याला. शिपाई त्याला घेऊन आला. धुतलेला सदरा, डोक्याला टोपी. मी काचेतून बघितलं आणि उठले. त्याला आत आणायचं, खुर्चीवर बसवायचं, पडद्यावर त्याचं नाव टाइप करून दाखवायचं, असं मनात होतं.

बापाला बादली दिसली.

तो वाकला. तांब्यानं एका पायावर पाणी घेतलं, मग दुसऱ्या. टाच टाचेवर घासली, डोणीशी घासायचा तशी. आणि पाय धुऊन तो आत आलाच नाही. दाराबाहेर उभा राहिला, हात पुढे धरून. बापाला मी दादा म्हणायची. म्हटलं, दादा, आत ये. तर म्हणाला, “हितूनच बगतो गो. तुज्या मशीनला मीठ लागंल.”

मी त्याला हे कधी सांगितलं नव्हतं. घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याला ते आधीपासून ठाऊक होतं. कुणी सांगितलं असेल, कधी, मी असंख्य वेळा स्वतःला विचारलंय. तो काचेतून बघत राहिला. हसला. छान हाय म्हणाला आणि गेला. फरशीवर त्याची ओली पावलं उरली. दाराशी येऊन थांबलेली. मी ती वाळेपर्यंत उभी होते.

पुढच्या उन्हाळ्यात बाप गेला. आगरातच, बांधावर टेकला होता तो उठला नाही.

तेव्हापासून ती पावलं माझ्या मागे आहेत. कुठल्याही काचेच्या दारापाशी दिसतात. तेव्हाही दिसायची. मी पाय धुवायला वाकले की शेजारी त्याची वाकलेली पाठ. मी मान वळवायची नाही.

इकडे रोह्याची मशीनं बिघडायला लागली होती. चांगली चालता चालता बंद पडायची. कारखान्याचा मॅनेजर कुरकुरायला लागला. साहेब त्याला माझ्यासमोर म्हणाले, “आमची मुलगी आगरातली आहे ना. मीठ झडतं तिचं.” दोघं हसले. मॅनेजर चेष्टेवर नेत असेल. पण दुसऱ्या दिवशी शिपाई मी उठल्यावर माझी खुर्ची ओल्या फडक्यानं पुसताना दिसला. आणि माझ्या मनात काय आलं असेल? बरं झालं पुसतोय, असं आलं. इतकी मी आतून गंजले होते.

मग मॅनेजरचं स्वतःचं मशीन बंद पडलं. त्याच्या केबिनमधलं. त्या केबिनमध्ये मी कधी पाय ठेवलेला नव्हता. आम्हाला तिथे मज्जाव होता. शिपायानं मशीन उचलून बाहेर आणलं. आमच्या छोट्या कंपनीत सगळ्यांना सगळं करावं लागे, दुरुस्तीसुद्धा. मी स्क्रू काढले, झाकण उचललं.

आत हिरवं. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, तसं हिरवं. तांब्याच्या एकूण एक टोकावर. मी ज्या मशीनला आयुष्यात हात लावला नव्हता, त्यात.

मी झाकण परत लावलं. मग पेणला परत आले आणि माझं रोजचं मशीन उघडलं. ज्याच्यापाशी मी वर्षानुवर्षं बसले, ज्याच्या बटणांना माझा घाम लागला, ते. आत सगळं लखलखत होतं. नवंकोरं वाटावं असं.

मी रडले. सुटल्याचा आनंद म्हणून रडले असं वाटेल. तसं नव्हतं. बाप आठवला म्हणून रडले. त्याच्या पायांनी काहीही नासलं नसतं. तो आत येऊन बसला असता तर काही झालं नसतं. काही म्हणजे काहीच झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या ऑफिसची माणसं रोह्याला काम बघायला यायची होती. त्याआधी मी साहेबांना सगळं सांगितलं. ॲसिडच्या आवारातली हवा एसीतून आत येते, ती तांबं खाते, खोली हलवायला हवी. दोन्ही मशीनांचं सांगितलं. साहेबांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, बरोबर आहे तुझं, पाहुणे गेले की खोली हलवू. मला वाटलं, संपलं. पेणहून घरी जाताना एसटीत खिडकीशी बसून मला किती हलकं वाटलं होतं, ते आठवलं की आज माझीच मला कीव येते.

सकाळी पाहुणे आले. बूट उतरले. मोज्यांतले पाय आत गेले. आमच्या पेणच्या त्या दोघांपैकी एक मुलगा आत गेला. मी स्लिपर काढल्या. साहेब दारात उभे होते. त्यांनी बादलीकडे मान केली.

मला वाटलं, विसरले. मी हळूच म्हटलं, साहेब, गंज हवेचा आहे, काल आपलं बोलणं झालं.

“हो गं, माहीत आहे,” साहेब म्हणाले. “पण सवय चांगली आहे ती. राहू दे.”

हसून म्हणाले. पहिल्या दिवशीसारखंच.

त्या क्षणी मला सगळं दिसलं. प्रश्न गंजाचा कधी नव्हताच. मशीनचाही नव्हता. ती डोण होती. ओटीखालची दगडी डोण, प्लास्टिकची होऊन माडीवर चढलेली, एसटीनं रोह्याला आलेली. कारण तेवढं नवं दिलं होतं. आणि त्या कारणाची परीक्षा घेत, कीबोर्ड पुसत, हात फोडत मी वर्षं घालवली. कारण खोटं ठरलं तरी बादली तिथेच होती. त्यांना माझे पाय स्वच्छ नको होते. मी वाकलेली हवी होते.

फरशीवर बापाची पावलं होती. दाराशी थांबलेली. मला दिसली म्हणजे दिसलीच.

“नाही धुणार,” मी म्हटलं.

साहेबांचं हसू तसंच राहिलं, आवाज खाली आला. “पायरी ओळखून राहा. नाहीतर बाहेर थांब, मी दाखवतो त्यांना.”

बाहेर थांब. बाप जिथे थांबला होता तिथे. माझी खुर्ची, तिचं नाव, बाकीच्या कारखान्यांचे कागद, सगळं त्या काचेच्या पलीकडे होतं आणि साहेब मधे उभे होते. मला ते सगळं हवं होतं. आजही सांगते, फार हवं होतं. मी बादली उचलली. व्हरांड्याच्या कडेला गेले आणि गटारात पालथी केली. रिकामी बादली तिथेच ठेवली. परत आले आणि साहेबांच्या बाजूनं आत गेले. रोह्याच्या रस्त्याची सगळी धूळ पायाला होती. पांढऱ्या फरशीवर माझी पावलं उठली, दारापासून मशीनपर्यंत.

 पाहुणे खाली बघून वर बघायला लागले. मी बसले आणि वजनकाट्यापासून ट्रक बाहेर पडेपर्यंत सगळं दाखवलं.  पाहुण्यांपैकी मोठ्या साहेबांनी विचारलं, आराखडा कुणाचा? आमच्या टीमचा, असं आमचे साहेब म्हणाले. मी म्हटलं, “माझा.” मोठ्या साहेबांनी मान हलवली आणि चहा कुठे मिळेल ते विचारलं.

पुढचं काम कंपनीला मिळालं. आखणीची खुर्ची त्या मोजेवाल्या मुलाला मिळाली. साहेबांच्या वडिलांनी माझ्या आईला निरोप धाडला, पोरगी मिठाला जागली नाही. मी पेणची नोकरी सोडली. रोह्याच्या त्या खोलीचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही.

मला मुंबईत काम मिळायला बराच काळ गेला. नव्वदचं दशक सरता सरता एका कंपनीनं माझ्या हातात कार्ड दिलं. त्यावर माझं नाव आणि खाली तो शब्द. घरी नेऊन आईच्या हातात दिलं. तिनं ते बापाच्या फोटोला टेकवून ठेवलं. मला काही वाटलं नाही. बाप दाराबाहेरच होता.

अजून आहे. काचेचं दार आलं की माझी पावलं अडखळतात. बरोबरची माणसं पुढे जातात, मी क्षणभर मागे राहते. त्यांना वाटतं, मी चपलेचा बंद नीट करते. मी बादली शोधत असते. हे जाणार नाही, हे मला कळून चुकलंय. साहेबांना मी माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही. त्या हसण्याला तर मुळीच नाही.

पण एक मी ठरवलंय. माझ्या आराखड्यात जिथे जिथे दार येतं, जिथे एखाद्याला अडवायचं आणि दुसऱ्याला सोडायचं असतं, तिथे मी हात थांबवते. विचारते, याला का अडवायचं? कुणी ठरवलं? कारण सांगितलं तर ते तपासते. कारण खोटं निघालं तर दार काढून टाकते. सवय आहे, राहू दे, असं कुणी म्हणालं तर मी पुढची रेघ ओढत नाही. त्यापायी कामं गेली आहेत माझी. अजून जातील.

आणि पाय मी धुते. रोज संध्याकाळी, घरी, माझ्या मोरीत, माझ्या पाण्यानं. कुणाच्या दारात नाही. मरेपर्यंत नाही.